काल काय खाल्लं?

"एमएस्सी न्यूट्रिशन झालंय, संशोधनात यायचंय, काय तयारी करू?" असं विचारणाऱ्या मुलींना (मुलगे या वाटेला फार कमी येतात) मी आधी एकच काम देते. घरातल्या कुणाही एकानं काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्लं-प्यायलं, ते मापासकट लिहून आणा. बहुतेकींच्या कागदावर सहा-सात ओळी असतात. चहातली साखर नसते, फोडणीचं तेल नसतं, येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे तर नसतातच.

आहार आणि आजार यांचा संबंध शोधायचा म्हणजे रक्ताच्या नळ्या आणि मशीन, अशी माझीही समजूत होती. पण हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ हे मशीन सांगतं. त्या माणसानं वर्षभर काय खाल्लं ते त्यालाच विचारावं लागतं, आणि नीट विचारायला शिकण्यात माझी दोन वर्षं गेली.

पुणे जिल्ह्यातल्या एका गावात पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "मावशी, काल जेवायला काय होतं?"

"काय असणार? भाकरी-कालवण."

मी लिहिलं: दोन भाकऱ्या, एक वाटी आमटी. बरोबरच्या ताईंनी फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि पार पहाटेपासून सुरुवात केली. उठल्यावर काय घेतलं? रानात जाताना काय बांधून नेलं? खुरपताना मधे काही खाल्लं? पाच मिनिटांत तीन चहा, मूठभर शेंगदाणे-गूळ, दोन पेरू आणि नातवानं टाकलेलं अर्धा ग्लास दूध बाहेर आलं. मी 'जेवण' विचारलं होतं, आणि मावशींच्या लेखी पेरू म्हणजे काही जेवण नव्हे.

मग ताईंनी वाटी मागितली. मावशींनी मांडणीवरची लखलखीत वाटी काढली, तेव्हा ताई म्हणाल्या, "ही पाहुण्यांची, रोजची द्या." ती पाण्यानं भरून मोजपात्रात ओतली तर १८० मिली. आमच्या फॉर्मात वाटी १५० मिलीची धरलेली! भाकरी काट्यावर ठेवली. आमटी किती पातळ होती हे कळावं म्हणून पातेल्यात डाळ किती पडली आणि किती जण जेवले, तेही विचारलं.

याला चोवीस तासांचा रिकॉल म्हणतात. तो एकदाच घेऊन भागत नाही. दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या वारी घ्यायचा. एका फेरीत आमच्या निम्म्या मुलाखती एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आल्या आणि कागदावर अख्खं गाव साबुदाण्यावर जगत होतं. वेळापत्रक मीच केलं होतं. तेव्हापासून पंचांग बघितल्याशिवाय तारीख ठरवत नाही.

एवढा खटाटोप कशाला, याचं उत्तर पुण्याजवळच्याच सहा गावांत सापडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं १९९३ मध्ये तिथे गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, हडकुळी, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त. बाळाच्या आकाराशी आईच्या एकूण कॅलरी-प्रथिनांचा फारसा संबंध दिसला नाही. पालेभाज्या, दूध, फळं किती वेळा खाल्ली याचा दिसला. पुढे २००८ मध्ये आईचं कमी बी-१२, जास्त फोलेट (हेही एक ब-जीवनसत्त्वच) आणि सहा वर्षांच्या मुलांमधला इन्शुलिन रोध, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही ती मधुमेहाकडे नेणारी अवस्था, यांची सांगड समोर आली. 'भाजी खाल्ली' एवढंच लिहून घेतलं असतं, तर पालेभाजीची गोष्ट हाती लागलीच नसती.

घरी परतल्यावर प्रत्येक पदार्थाचे घटक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांवरून काढायचे. त्यांत ५२८ अन्नपदार्थ आहेत, पण आपल्या मावशींची आमटी नाही. ती डाळ, तेल, मसाला असं सुटं करूनच मांडावी लागते. कंटाळवाणं काम आहे, लपवत नाही.

संख्याशास्त्र मात्र टाळू नका. माझ्या पहिल्या विश्लेषणात साखर कमी खाणाऱ्यांनाच मधुमेह जास्त निघाला. मी हरखले होते! निदान झाल्यावर डॉक्टरांनी साखर बंद केलेली माणसं त्यात होती, एवढंच. मधुमेह आधी कळला की आहार आधी बदलला, हे विचारणारा रकाना फॉर्मात नव्हता.

पीएचडीसाठी जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळवून देणारी परीक्षा द्या. ती हुकली तर प्रकल्पातल्या जागा असतात, पण बहुधा ठरावीक मुदतीच्या. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. मुलाखतीत फिल्डवर जावं लागेल का, हे जरूर विचारा. 'नाही' म्हणाले तर मी ती जागा दुसऱ्या पसंतीला ठेवीन.

पहिल्या फेरीला काटा, मोजपात्र आणि काट्याचे जादा सेल घ्या. आणि निघताना घरी चहा पिऊ नका. दुपारपर्यंत सहा तरी होतात.