पॅनिक अटॅक आणि चिंताविकार : उपचार कसे निवडावेत

छातीत अचानक धडधड सुरू होते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात आणि आपण आता मरणार किंवा आपले भान सुटणार, असे ठामपणे वाटू लागते. पॅनिक अटॅकची ही लाट साधारणपणे १० मिनिटांत टोकाला पोहोचते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. आजार खऱ्या अर्थाने मूळ धरतो तो त्यानंतर. ‘पुन्हा झाले तर?’ या धास्तीने माणूस गर्दी, लिफ्ट, लांबचा प्रवास आणि पुढे एकटे बाहेर पडणेही टाळू लागतो. त्यामुळे कोणताही उपचार निवडताना त्याने ही धास्ती कमी होणार आहे की टाळाटाळीला आणखी एक आधार मिळणार आहे, हे आधी पाहावे.

पहिली पायरी तपासणीची आहे. थायरॉईडचे वाढलेले प्रमाण, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, रक्तक्षय, रक्तातील साखर उतरणे, दम्याची काही औषधे, जास्त कॉफी किंवा दारू अचानक बंद करणे यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात. छातीतील दुखणे हात, जबडा किंवा पाठीकडे सरकत असेल, श्रम करताना होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर हा पॅनिक अटॅकच असावा असे गृहीत न धरता ताबडतोब रुग्णालय गाठावे. तपासण्या एकदा नीट झाल्यावर मात्र केवळ मनाच्या समाधानासाठी पुन्हा पुन्हा ईसीजी काढू नये, कारण त्यातून मिळणारा दिलासा काही दिवसच टिकतो आणि शंका पुन्हा डोके वर काढते.

मानसोपचारांपैकी सर्वांत भक्कम पुरावा कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीच्या, म्हणजेच सीबीटीच्या, बाजूने आहे. यात साधारणपणे आठवड्याला एक याप्रमाणे १२ ते १६ सत्रे होतात. धडधड म्हणजे हृदयविकार, चक्कर म्हणजे आता कोसळणार, असे जे अर्थ मन क्षणार्धात लावते, ते कागदावर मांडून तपासले जातात. याचा गाभा असलेला भाग मात्र प्रत्यक्ष सरावाचा असतो: थेरपिस्टच्या देखरेखीखाली जागच्या जागी धावून धडधड वाढवणे, खुर्चीत गोल फिरून चक्कर आणणे, अरुंद नळीतून श्वास घेणे, आणि अशा रीतीने त्याच संवेदना मुद्दाम अनुभवून त्या धोकादायक नाहीत हे शरीराला शिकवणे. त्यानंतर टाळलेल्या ठिकाणी सोप्यापासून अवघडाकडे, पायरीपायरीने जायचे असते. हे अंगावर येते, आणि अनेक जण नेमके इथेच सत्रे सोडतात. म्हणून थेरपिस्ट निवडताना तो केवळ बोलून धीर देतो की असा सराव करून घेतो, हे पहिल्याच भेटीत स्पष्टपणे विचारावे.

औषधांची गरज आहे का, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतात. त्रास तीव्र असेल, सोबत नैराश्य असेल किंवा थेरपी उपलब्ध नसेल, तर सरट्रालीन, एस्सिटॅलोप्राम, पॅरोक्सेटीन यांसारखी एसएसआरआय (मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या नैराश्यविरोधी औषधांच्या) गटातील किंवा व्हेन्लाफॅक्सीनसारखी औषधे सहसा प्रथम दिली जातात. सुरुवातीच्या एकदोन आठवड्यांत मळमळ, झोपमोड आणि क्वचित वाढलेली अस्वस्थता जाणवते, त्यामुळे मात्रा अगदी कमी ठेवून सुरू करतात. फरक जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पूर्ण परिणामासाठी आणखी वेळ द्यावा लागतो. ‘गोळीने काही होत नाही’ म्हणून दहाव्या दिवशी औषध सोडून देणे ही फार महागात पडणारी घाई आहे. पंचविशीच्या आतील रुग्णांवर सुरुवातीला विशेष लक्ष ठेवावे, आणि आत्महत्येचे विचार येऊ लागले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या लवकर आराम देतात, म्हणूनच त्या जपून वापराव्यात. त्यांची सवय लागू शकते, दारूबरोबर घेतल्यास श्वसन मंदावण्याचा धोका असतो, आणि दीर्घ वापरानंतर त्या एकदम बंद केल्यास फिट्सही येऊ शकतात. त्या मोजक्या आठवड्यांपुरत्याच आणि डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्याव्यात. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या कधीही घेऊ नयेत.

प्रत्यक्ष अटॅकच्या वेळी शक्य असेल तर असाल तिथेच थांबावे, नाकाने हळू श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडावा आणि लाट आपली आपण उतरेपर्यंत तिच्याशी झगडू नये. वेगाने श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या त्यामुळे येतात, हे आधीच माहीत असले तर भीतीला खतपाणी मिळत नाही. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. जवळच्यांनी ‘काही झालेले नाही’ असे म्हणण्याऐवजी शांतपणे सोबत बसावे, आणि रुग्णाची सगळी कामे स्वतःवर घेऊन त्याला घरात जखडून ठेवू नये.

नियमित व्यायाम, पुरेशी झोप आणि कमी कॉफी यांची मदत होते, परंतु ती वरील उपचारांची जागा घेत नाही. बरे वाटू लागल्यावरही औषध सहसा किमान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि नंतर आठवडे किंवा महिने घेऊन हळूहळू कमी करतात. औषध कमी होत असताना एखादा अटॅक आला, तर उपचार फसला असे मानू नये. सीबीटीतील सराव पुन्हा सुरू करावा आणि मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलावे.