अंगावर चिकटवायचा मेडिकल पॅच छापताना या चुका टाळा

पीईटी (पॉलिएस्टर प्लॅस्टिक) फिल्मवर चांदीची शाई छापून बनवलेला ईसीजी पॅच टेबलावर सपाट ठेवला, तर सहसा पास होतो. दगा देतो तो छातीवर, घामाने भिजल्यावर आणि पेशंट कूस बदलतो तेव्हा. कारखाना गोव्यात वेर्ण्याला असो, कुंडईला असो की तुयेला, तपासणी कोरड्या आणि सपाट नमुन्यावरच थांबत असेल तर सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. पुढच्या बहुतेक चुका तिच्यामुळे झाकल्या जातात.

फ्रिजमधला शाईचा डबा लगेच उघडणे

गोव्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की थंड डबा बाहेर काढताच त्यावर दव धरतं. झाकण उघडलं की तेच पाणी शाईत जातं आणि छापात बारीक छिद्रं पडतात. डबा बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. त्याला काही तास लागतात, म्हणून तो पहिल्या पाळीच्या बराच आधी बाहेर काढावा. मग तळापासून हळू ढवळा, कारण चांदी खाली बसलेली असते. घट्ट वाटली म्हणून हाताला लागेल तो थिनर ओतू नका. थर पातळ होतो आणि रेझिस्टन्स चढतो.

फिल्म आधी न तापवणे

सर्वाधिक माल इथे वाया जातो. पीईटी साधारण 70 ते 80 अंशांनंतर मऊ पडू लागतं, आणि शाई वाळवायची असते 120-130 अंशांवर. पहिला थर छापून शीट ओव्हनमधून आली की ती आक्रसलेली असते. आकुंचन अर्धा टक्का धरलं तरी 300 मिमीच्या शीटवर दीड मिमीचा फरक पडतो. मग वरचा इन्सुलेशनचा थर जागेवर बसत नाही आणि ऑपरेटर बिचारा स्क्रीन (छपाईची जाळी) सरकवत राहतो. दोष स्क्रीनचा नसतोच. हीट स्टॅबिलाइज्ड, म्हणजे आधीच तापवून आकुंचन काढलेली फिल्म घ्या, किंवा कोरी शीट छपाईआधी वाळवणीच्या तापमानापेक्षा थोड्या जास्त तापमानाला ओव्हनमधून काढा. रोलची दिशा प्रत्येक शीटवर बाणाने दाखवा, कारण लांबीतलं आणि रुंदीतलं आकुंचन सारखं नसतं.

शाई कडेला मागे सरत असेल तर डाइन पेनने (फिल्मवर शाई पसरेल का ते तपासणाऱ्या पेनने) एक रेघ ओढून पाहा. रेघ अखंड राहिली तर फिल्म ठीक, थेंबाथेंबांत तुटली तर कोरोना ट्रीटमेंट (शाई धरावी म्हणून फिल्मवर केलेली विजेची प्रक्रिया) उतरलेली आहे. जुन्या साठ्यात हे हमखास दिसतं.

ओव्हनचा आकडा खरा मानणे

डिस्प्लेवर 130 दिसतं ते हवेचं तापमान. रॅकमध्ये खेटून भरलेल्या मधल्या शीटपर्यंत ते पोचतंच असं नाही. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) शीटवर चिकटवून मोजा. शंका आली तर तयार शीट पुन्हा दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. रेझिस्टन्स ठळकपणे उतरला तर शाई कच्ची होती. कच्च्या शाईत सॉल्व्हंट उरतं, आणि हा पॅच त्वचेवर दिवसभर राहणार आहे, हे विसरून चालणार नाही.

आकडा किती यायला हवा, तेही आधी काढून ठेवा. अर्धा मिमी रुंद आणि 50 मिमी लांब रेषेत तिच्या रुंदीएवढ्या बाजूचे 100 चौरस बसतात. शाई 25 मायक्रॉन जाडीला दर चौरसाला 15 मिलिओहमची असेल आणि छाप 10 मायक्रॉन जाड असेल, तर रेषा पावणेचार ओहमच्या आसपास यायला हवी. इतक्या लहान मापात साध्या मल्टीमीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्सही मिसळतो. चार-वायर पद्धतीनेच मोजा, म्हणजे करंट दोन वायरींनी द्या आणि व्होल्टेज वेगळ्या दोन वायरींनी मोजा.

शेजारच्या रेषांमधला ओलावा विसरणे

ओलावा आणि डीसी व्होल्टेज एकत्र आले की चांदी एका रेषेतून निघून दुसरीकडे वाढत जाते. दोन उघड्या रेषांवर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब ठेवा, 3 ते 5 व्होल्ट द्या आणि भिंगातून पाहा. काही मिनिटांत निगेटिव्ह रेषेच्या कडेला काळपट फांद्या फुटतात, समोरच्या रेषेकडे सरकतात आणि टेकल्या की शॉर्ट. माझ्या मते हा प्रयोग लाइनवरच्या प्रत्येकाला एकदा दाखवायलाच हवा. उपाय तीन: रेषांमधलं अंतर वाढवा, कनेक्टरजवळच्या उघड्या चांदीवर कार्बनचा थर द्या, आणि इन्सुलेशन एका जाड थरात न देता दोन थरांत द्या. पहिल्यात राहिलेली छिद्रं दुसऱ्यात बुजतात.

इलेक्ट्रोडला, म्हणजे त्वचेतून सिग्नल घेणाऱ्या भागाला, साधी चांदी वापरू नका, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच हवं. नाहीतर सिग्नलची बेसलाइन भरकटते.

आयसी (चिप) बसवताना नेहमीचं शिसेविरहित सोल्डर चालत नाही. ते 217 अंशांच्या पुढे वितळतं, तोवर पीईटी वाकडंतिकडं होतं. कंडक्टिव्ह अॅडहेसिव्ह (वीज वाहणारा गोंद) वापरा. तडा बहुधा आयसीखाली जात नाही, त्याच्या कडेला जातो, कारण कडक भाग तिथे संपतो. त्या कडेवरून मऊ लेप बाहेरपर्यंत उतरता द्या. घडीच्या जागी रेषा घडीला काटकोनात न्या, आणि जमेल तिथे छापलेली बाजू वाकण्याच्या आत ठेवा. दाब शाई सोसते, ताण सोसत नाही.

आयएसओ 10993 च्या (वैद्यकीय उपकरण शरीराला सुरक्षित आहे का ते पाहणाऱ्या) चाचण्यांना कोरी फिल्म पाठवू नका. त्वचेला लागणारा तयार पॅच पाठवा, त्याच ओव्हनमधून त्याच वेळेत निघालेला. बॅच रेकॉर्डमध्ये शाईचा लॉट, शीटवरचं तापमान आणि त्या दिवशीची खोलीतली आर्द्रता लिहा. मे महिन्यातला माल आणि जुलैमधला माल यांची तक्रार वेगळी आली, तर आधी याच तीन नोंदी शेजारी ठेवून पाहायच्या.