शिडाच्या होडीने सेंट लुशिया ते मार्टिनिक

कॅरिबियनमधल्या या दोन बेटांमधला टप्पा नकाशावर किरकोळ दिसतो. सेंट लुशियाच्या रॉडनी बेपासून मार्टिनिकच्या सेंत-आनपर्यंत 21-22 सागरी मैल, दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे 13 अंश. 6 नॉटने (तासाला 6 सागरी मैल) चालणारी होडी चार तासांच्या आत पोहोचायला हवी. पण निघण्याआधी हिशेब केला नाही, तर होडी पश्चिमेला, मार्टिनिकच्या किनाऱ्याजवळच्या डायमंड रॉक या खडकाच्या दिशेने सरकते आणि उरलेली दुपार वाऱ्याच्या तोंडावर मार खात परतण्यात जाते.

हिशेब असा. या सामुद्रधुनीत प्रवाह साधारण पश्चिम-वायव्येला वाहतो, कमीजास्त 1 नॉटने. चार तासांत तो होडीला जवळजवळ 4 मैल ढकलतो. वाऱ्याच्या रेट्याने होडी आडवी सरकते ती वेगळी. 5 अंश धरले तर आणखी 2 मैल. म्हणजे नाक सरळ सेंत-आनकडे धरून गेलात तर 6 मैल पश्चिमेला पोहोचाल. ते 6 मैल वाऱ्याविरुद्ध नागमोडी कापायचे म्हणजे अंतर जवळपास दुप्पट. म्हणून प्रवाहासाठी 10 आणि रेट्यासाठी 5 अंश आधीच पूर्वेला द्या: नाक 28 अंशांवर. इथे चुंबकीय फरक, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक, सुमारे 15 अंश पश्चिम आहे, तेव्हा होकायंत्रावर साधारण 43 अंश दिसले पाहिजेत.

आता निघायचा दिवस याच आकड्यावरून ठरवा. अंदाजात वारा 70 अंशांवरून, म्हणजे पूर्व-ईशान्येकडून असेल, तर तो नाकापासून फक्त 42 अंशांवर येतो. सामान लादलेली होडी दोन मीटरच्या लाटेत वाऱ्याच्या इतक्या जवळून चालत नाही. थांबा. वारा पूर्वेकडून किंवा पूर्व-आग्नेयेकडून, 15 ते 20 नॉट असेल तो दिवस धरा. डिसेंबर-जानेवारीत ‘ख्रिसमस विंड्स’ 25-30 नॉटने कित्येक दिवस वाहतात. तेव्हा बंदरात बसून राहण्यात काही कमीपणा नाही. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ, तो वेगळाच विषय.

सगळी तयारी आडोशात करायची. रॉडनी बेच्या उत्तर टोकाचं पिजन आयलंड ओलांडलं की थोड्याच वेळात उघडा समुद्र लागतो, आणि बेटाच्या टोकाशी वारा दाबला जाऊन अंदाजापेक्षा 5-10 नॉटने वाढतो. आत असताना ‘एवढ्या वाऱ्याला एवढं शीड पुरे नाही’ असं वाटतंच. त्याला भुलू नका. मेनसेलला (मुख्य शिडाला) दोन रीफ घेऊनच, म्हणजे शीड दोन टप्प्यांनी आखूड करूनच, बाहेर पडा. नंतर एक सोडणं सोपं, उसळत्या डेकवर घेणं अवघड. पुढच्या हॅच (डेकवरची झाकणं) आवळून बंद करा, नांगर रोलरवर दोरीने जखडा, डिंगीचं (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं) आउटबोर्ड इंजिन काढून मागच्या कठड्यावर लावा. डिंगी ओढत नेऊ नका: पाण्याने भरली की दोर तुटतो, नाहीतर पंख्यात अडकतो.

इंजिनाचं एक दुखणं इथे हमखास उपटतं. टाकीच्या तळाचा गाळ लाटांनी ढवळून डिझेलच्या फिल्टरमध्ये जातो आणि इंजिन नेमकं बंदराच्या तोंडाशी बंद पडतं. निघण्याआधी फिल्टरच्या वाटीतलं पाणी आणि काळा गाळ काढा, दोन नवे फिल्टर हाताशी ठेवा आणि इंधनात अडकलेली हवा काढायला शिकून घ्या.

सकाळी सात-आठला निघा. पहिल्या तासात मुद्दाम पूर्वेला एक मैल जास्त कमवा. ही बचत शेवटी कामी येते. होडीचं नाक कुठे आहे यापेक्षा जीपीएसवरची प्रत्यक्ष वाटचाल बघा. ती सेंत-आनच्या पूर्वेला पडत असेल तोवर ठीक. वाऱ्याकडच्या क्षितिजावर काळी, खाली सरळ कडा असलेली सर दिसली, तर पाऊस यायच्या आधीच वारा येतो. जेनोआ (पुढचं मोठं शीड) तेव्हाच गुंडाळा. मार्टिनिकच्या दक्षिण किनाऱ्याजवळ मासेमारीच्या सापळ्यांचे खुणेचे तरंगते गोळे पसरलेले असतात, कधी नुसती प्लॅस्टिकची बाटली. एकजण पुढे नजर ठेवून हवा. अंधारात इथे शिरू नका.

सेंत-आनशेजारच्या ल माराँच्या खाडीत जाणार असाल तर खुणा लक्षात ठेवा: बेट फ्रान्सचं असलं तरी बोया अमेरिकेच्या पद्धतीचे, आत शिरताना लाल उजव्या हाताला. सेंत-आनसमोर मात्र जागा ऐसपैस. 4 मीटर पाण्यात वाळूचा फिकट पट्टा शोधा. गर्द ठिपके गवताचे, तिथे नांगर धरत नाही. खोली 4 आणि डेकची उंची 1 मीटर धरून पाचपट, म्हणजे 25 मीटर साखळी किमान; 30 सोडा. आधी होडी आपोआप मागे जाऊ द्या, मग इंजिन हळूहळू वाढवून रिव्हर्समध्ये मिनिटाला 1800 फेऱ्यांवर अर्धा मिनिट ओढा आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून बघा. रेषा हलली तर नांगर उचलून पुन्हा टाका.

कागदपत्रं: रॉडनी बेच्या मरीनातच कस्टम्स-इमिग्रेशन आटोपून निघण्याचा दाखला घ्या, तो पुढे दाखवावा लागतो. मार्टिनिकच्या पाण्यात शिरताना उजव्या बाजूला पिवळा झेंडा चढवा. नोंदणी ठरलेल्या दुकानांत वा मरीनात ठेवलेल्या संगणकावर स्वतः भरायची, छापायची आणि शिक्का घ्यायचा, पैसे युरोत. ज्यांना फ्रान्सचा व्हिसा लागतो त्यांनी आधीच बघावं, कारण साधा शेंगेन व्हिसा या बेटांना आपोआप लागू होत नाही. शिक्का मिळाल्यावर पिवळा उतरवून फ्रान्सचा झेंडा लावा.