बिस्किट मळायचं नसतं

भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी “उद्या सकाळी बिस्किटं करते” म्हटलं की ते मनातल्या मनात चहाचा कप पुढे ओढतात. इथलं बिस्किट बुडवायचं नसतं. अमेरिकेच्या दक्षिणेत, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, टेनेसी, कॅरोलिना या पट्ट्यात, बिस्किट म्हणजे हाताच्या पंज्यात मावेल एवढा, थराथरांचा, वरून खरपूस आणि आतून वाफाळता प्रकार. सकाळी दारात कुणी आलं की पुढे येतो तो हाच.

मी जॉर्जियात राहते आणि गेली कित्येक वर्षं बहुतेक रविवारी बिस्किटं करते. मराठीत फिरणाऱ्या याच्या कृती वाचल्या की मात्र डोकं उठतं. “पीठ मऊसर मळून अर्धा तास झाकून ठेवा.” हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांनी पोळ्या केल्या असतील, बिस्किटं नाही.

प्रमाण सांगते. २४० ग्रॅम सेल्फ-रायझिंग पीठ (म्हणजे बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेलं), ७० ग्रॅम बटर, साधारण १८० मिली बटरमिल्क. आठ बिस्किटं होतात. ओव्हन आधीच ४७५ फॅरनहाइटला, म्हणजे २४५ सेल्सियसला तापवून ठेवायचा.

पिठात काटकसर चालत नाही. दक्षिणेतल्या बायका व्हाइट लिलीचं पीठ सोडून दुसऱ्याला हात लावत नाहीत, त्यामागे निव्वळ हट्ट नाही. १८८३ पासूनचं हे मूळचं नॉक्सव्हिलचं पीठ मऊ गव्हाचं असतं. त्यात प्रथिनं कमी, म्हणून चिवटपणा कमी. पोळीला जो चिवटपणा लागतो तोच इथे वैरी. पुण्या-मुंबईत असाल तर २१० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, तीन चहाचे चमचे बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा मीठ दोनदा चाळून घ्या. कणीक वापरून “हेल्दी” बिस्किटं करायची असतील तर खुशाल करा, पण मग त्यांना दुसरं नाव द्या.

बटरमिल्क म्हणजे आपलं ताक नव्हे. इथलं विकतचं बटरमिल्क विरजलेलं आणि दाट असतं, ओतलं की जाडसर धार पडते. आपल्या ताकानं पिठाचा चिखल होतो. तीन भाग आंबटसर दही आणि एक भाग पाणी रवीनं घुसळून घ्या, बरोबर जमतं. दुधात लिंबू पिळायचा सल्ला सगळीकडे देतात. आंबटपणा येतो, दाटपणा येत नाही. मी एकदाच केलं.

बटर आदल्या रात्री फ्रीझरमध्ये टाका आणि सकाळी किसणीवर किसून पिठात मिसळा. बोटांच्या टोकांनी फक्त चाळवायचं, तळहात लावायचा नाही. तळहाताच्या उबेनं बटर विरघळलं की संपलं. बटराचे थंड कण ओव्हनमध्ये वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ थर वेगळे करते.

आता जिथे माझी पहिली दोन वर्षं वाया गेली ती पायरी.

माझ्या आईनं मला कणीक मळायला शिकवलं तेव्हा परीक्षा एकच होती. शेवटी परात कोरडी, स्वच्छ दिसली पाहिजे आणि हाताला काही चिकटता कामा नये. गोळ्यावर अंगठा दाबला की खड्डा हळूहळू वर आला पाहिजे. ही शिकवण मेंदूत नसते, मनगटात असते. पहिल्यांदा बिस्किटाच्या पिठात बटरमिल्क घातलं, चमच्यानं ढवळलं, तर समोर एक चिकट, ओबडधोबड, लाजिरवाणा ढिगारा. माझं मनगट आपोआप कामाला लागलं. पाच मिनिटांत सुरेख, तुकतुकीत गोळा तयार. ओव्हनमधून बाहेर आल्या त्या आठ पेपरवेट.

तरी त्या मी शेजारच्या आजींकडे नेल्या. त्यांनी एक तुकडा मोडला, म्हणजे मोडायचा प्रयत्न केला, चावला आणि हसून म्हणाल्या, “ब्लेस यर हार्ट!” देव तुझं भलं करो! मी आईला फोन करून कौतुकानं सांगितलं. बरेच महिने गेल्यावर ऑफिसातल्या एकीनं समजावलं की दक्षिणेत या तीन शब्दांचा अर्थ प्रसंगावर ठरतो. माझ्या प्रसंगी तो “बिचारी गं” असा होता.

म्हणून ठासून सांगते. बटरमिल्क एकदम ओता, लाकडी चमच्यानं बारा-पंधरा वेळा फिरवा आणि थांबा. पीठ भांड्याला चिकटलेलं हवं. कडेला थोडं कोरडं पीठ राहिलं तरी राहू दे. ते दृश्य बघून हात शिवशिवतात, मला अजून शिवशिवतात. सुरुवातीचे दिवस मी एक हात चक्क पाठीमागे धरत असे. पाणी लागलं आणि मळलं की पिठातल्या प्रथिनांची जाळी होते. पोळी लाटताना फाटत नाही ती या जाळीमुळेच, आणि बिस्किट रबरासारखं होतं तेही तिच्यामुळेच.

मग ओट्यावर भरपूर कोरडं पीठ भुरभुरा, ढिगारा त्यावर उलटा करा, वरूनही पीठ टाका. थालीपीठ थापतो तसं नाही. थालीपिठात बोटं दाबतात, इथे फक्त थोपटायचं, झोपलेल्या पोराला थोपटतात तेवढ्याच जोरानं. दोन सेंटिमीटर जाडीचा चौकोन झाला की पत्राची घडी घालतो तशी तिहेरी घडी. पुन्हा थोपटा, पुन्हा घडी. असं तीनदा. तिसऱ्या घडीला तो ढिगारा आपोआप शहाणा होतो. चौथी घडी घालू नका. लाटणं काढलंत तर मी जबाबदार नाही.

शेवटी अडीच सेंटिमीटर जाड ठेवून कापा. वाटीनं कापू नका. स्टीलच्या वाटीची कड गोल वळलेली असते, ती पीठ कापत नाही, चिमटते. कडा चिमटल्या की बिस्किट फुगायला वाट राहत नाही. धारदार साचा असेल तर सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला, पिळू नका, कारण पिळल्यानंही तेच होतं. साचा नसेल तर सुरीनं चौकोन कापा. मी आता चौकोनच करते. उरलेले तुकडे परत गोळा करून थापायची भानगडच नाही.

बिडाच्या तव्यात एकमेकांना खेटून लावा. खेटून बसली की आडवी पसरत नाहीत, वर चढतात. बिडाची भांडी हा इथला दुसरा धर्म. टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग गावात १८९६ पासून लॉज घराण्याच्या कारखान्यात ती ओतली जातात आणि घरोघरी आजीकडून नातीकडे जातात. आपल्याकडचा बिडाचा तवाही उत्तम चालतो, फक्त त्याला मुठीला लाकूड नको. बारा ते पंधरा मिनिटं भाजा. वरून वितळलेलं बटर फिरवा.

पीठ भिजवल्यावर ताबडतोब भाजायचं, हे सांगायचं राहिलं. एडना लुइस या दक्षिणेच्या थोर स्वयंपाकिणीला बाजारच्या बेकिंग पावडरीची धातूसारखी चव खपत नसे. दोन भाग क्रीम ऑफ टार्टर नावाची आंबट पांढरी पूड आणि एक भाग खायचा सोडा मिसळून त्या ती घरीच करत. साधं पीठ वापरते तेव्हा मीही तशीच करते, पण तिचा जोर ओलं होताच सुरू होतो, त्यामुळे मध्ये फोन घ्यायचा नाही. लुइस १९१६ साली व्हर्जिनियातल्या फ्रीटाउनमध्ये जन्मल्या. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी वसवलेलं हे गाव, वसवणाऱ्यांत त्यांचे आजोबाही होते. बेकिंग पावडर घरोघरी पोचण्याआधी इथे “बीटन बिस्किट” असे. पीठ दांडक्यानं अर्धा-अर्धा तास बडवून हलकं करायचं, आणि मळेवाल्यांच्या घरी बडवणारे हात गुलामांचे असत. “सदर्न हॉस्पिटॅलिटी”ची गोडगोड वर्णनं वाचताना मला ते दांडकं आठवतं.

सोबत मध किंवा सॉर्गम सिरप, म्हणजे ज्वारीच्या जातीच्या गोड धाटांची काकवी. आपल्या काकवीनं काम भागतं.

आणि गोड थंड चहा. दोन लिटरला एक कप साखर, ती चहा गरम असतानाच विरघळवायची. चिमूटभर सोडा घातला तर तुरटपणा जातो. गार करा, बर्फावर ओता, झालं.

वाढण्याचे नियम थोडे. “चहा घेणार?” असं विचारत बसायचं नाही, पोर्चवर ग्लास आणून ठेवायचा. वडीलधाऱ्यांना नुसत्या नावानं हाक मारायची नाही, नावाआधी “मिस” किंवा “मिस्टर” लावायचं, आपल्या ताई-काकांसारखं, आणि उत्तराला “येस मॅम”. बिस्किट सुरीनं कापायचं नाही, हातानं उघडायचं.

कुणाकडे मयत झाली तर मात्र बोलावण्याची वाट बघायची नाही. आपल्याकडे त्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी पिठलं-भात नेतात ना, इथे कॅसेरोल, म्हणजे ओव्हनमध्ये एकाच भांड्यात भाजलेला पदार्थ, नेतात, भाजलेलं हॅम नेतात, बिस्किटं नेतात. भांड्याच्या बुडाला टेप लावून त्यावर आपलं नाव लिहायचं, नाहीतर दहा घरच्या भांड्यांत ते हरवतं. मला हे एकीनं मोठ्या गंभीरपणे शिकवलं. मी घरी येऊन कपाटातला स्टीलचा डबा काढून तिला दाखवला. त्याच्या कडेवर माझ्या आईचं नाव आणि १९७८ साल कोरलेलं आहे. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे कोरून कुठे मिळतं?”

तो डबा गेल्या हिवाळ्यात बिस्किटं भरून शेजारच्या आजींकडे गेला होता. परत आला तो रिकामा नव्हता. आत अंजिराचा मुरांबा होता आणि झाकणावर टेप लावून त्यांनी आपलं नाव लिहिलं होतं, माझ्या डब्यावर.