ब्लेंडरमध्ये पैठणी नेसवताना या चुका टाळा

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलला नेसवलेल्या साडीतून मांडी डोकावली, की बहुतेक जण सरळ क्लॉथचे, म्हणजे कापडाची हालचाल आपोआप काढणाऱ्या सोयीचे, आकडे फिरवत बसतात. चूक बऱ्याचदा त्याआधीच, मापात झालेली असते.

ब्लेंडरचं गुरुत्वाकर्षण मीटरमध्ये चालतं. कीबोर्डवर एन दाबून डायमेन्शन्स (मापं) बघा, बाईची उंची १.६ मीटरच्या आसपास हवी. ती १६ मीटर असेल तर पदर पाण्यात सोडल्यासारखा संथ पडतो. बाहेरून आणलेल्या एफबीएक्स (थ्रीडी फाइलचा एक प्रकार) मॉडेलचं स्केल कित्येकदा ०.०१ असतं. कंट्रोल-ए दाबून ते अप्लाय करा, म्हणजे आहे ते माप कायम होऊन स्केल १ होईल, पण अ‍ॅनिमेशन चढवण्याआधी; नंतर केलंत तर आर्मेचरच्या (मॉडेलला हलवणाऱ्या आतल्या सांगाड्याच्या) हालचाली बिघडतात.

काठ वाकडा का होतो

साडी अंगावरच मॉडेल करू नका. ५.५ मीटर लांब, १.१५ मीटर रुंद अशी सपाट पट्टी घ्या आणि ती सपाट असतानाच यूव्ही (नक्षीचं चित्र कापडावर कुठे बसेल त्याचा सपाट नकाशा) उलगडा. नेसवल्यावर उलगडलीत तर निऱ्यांमध्ये काठ नागमोडी होतो, पदरावरचे बांगडीमोर ताणले जातात. पैठणची साडी ओळखणाऱ्याची नजर आधी काठावरच जाते, तिथे ही चूक लपत नाही. पट्टी ज्या जाळीची बनते तिचे चौकोन सारखे ठेवा. लांबट आयत असले तर कापड एकाच दिशेने मोडतं. २ सेंटीमीटरचे चौकोन घेतले तर साधारण १६ हजार होतात. १ सेंटीमीटरला तेच ६३ हजारांवर जातात आणि साध्या लॅपटॉपचा घाम निघतो.

निऱ्या आपोआप पडत नाहीत. सात-आठ निऱ्या १२-१३ सेंटीमीटर रुंदीने हातानेच घाला. खोचलेला भाग आणि खांदा पिन ग्रुपमध्ये, म्हणजे जागेवर धरून ठेवायच्या बिंदूंच्या गटात, टाका. सेल्फ कोलिजन (कापड स्वतःलाच अडणं) मुळात बंद असतं, ते चालू करा. पण त्याचं अंतर दोन निऱ्यांमधल्या फटीपेक्षा कमीच ठेवा, नाहीतर पहिल्याच फ्रेमला निऱ्या उसळून विस्कटतात.

क्लॉथमधला सिल्क प्रीसेट (तयार आकड्यांचा संच) नाव बघून निवडू नका. त्यात व्हर्टेक्स मास (जाळीच्या प्रत्येक बिंदूचं वजन) ०.१५ आणि बेंडिंग (वाकण्याला विरोध) ०.०५ असतं, म्हणजे जरीचा भरगच्च पदर उगाच फडफडतो. कॉटनचे ०.३ आणि ०.५ हे आकडे पैठणीला जवळचे. हिमरू विणीची शाल तर सुती-रेशमीच असते, तिला कॉटन थेट चालतं.

कापड अंगापासून सुटून तरंगतं

कापडाचं कोलिजन अंतर (ते शरीरापासून किती दूर अडतं) मुळात ०.०१५ मीटर आणि शरीराची बाहेरची जाडी ०.०२ असते. दोन्ही ०.००३ ते ०.००५ पर्यंत उतरवा. मॉडिफायर म्हणजे मॉडेलवर क्रमाने चढणारे बदल; त्यांच्या यादीत शरीराचा कोलिजन मॉडिफायर आर्मेचरच्या खाली हवा; वर राहिला तर साडी जुन्याच पोझला अडते. साडीवर क्लॉथ आधी, सॉलिडिफाय (जाडी देणारा) आणि सबडिव्हिजन (जाळी बारीक करून गुळगुळीत करणारा) त्याखाली. चाल वेगाची असेल तर क्वालिटी स्टेप्स (एका फ्रेममध्ये हिशोब किती वेळा होतो) ५ वरून १० करा.

ब्लाउजला सिम्युलेशन (क्लॉथने हालचाल काढणं) लागतच नाही. डेटा ट्रान्सफर मॉडिफायरने शरीराचे वेट्स (कोणतं हाड कोणता भाग किती हलवतं ते आकडे) घ्या, पद्धत निअरेस्ट फेस इंटरपोलेटेड. काखेत तरीही कातडी बाहेर आली तर शरीराचा आतला भाग मास्क मॉडिफायरने लपवा, वेट्स रंगवत बसू नका.

बेक (कापडाची हालचाल एकदा काढून साठवणं) करण्याआधी फाइल सेव्ह करून डिस्क कॅश, म्हणजे ती साठवण डिस्कवर करणं, चालू करा. लोडशेडिंगमध्ये डेस्कटॉप बंद पडला तर मेमरीतला कॅश जातो, डिस्कवर उतरलेल्या फ्रेम्स राहतात.