जनरल कॉन्ट्रॅक्टर पैसे देईना, शेवटी लीन लावून (थकलेल्या पैशांसाठी घरावर बोजा नोंदवून) सुटले (कॅलिफोर्निया)

मी इकडे घरांचं वायरिंग करतो, लायसन सी-१० (इलेक्ट्रिकलचं). काम होऊन दीड महिना झाला, १८,४०० डॉलर अडकले, जनरल कॉन्ट्रॅक्टरचं एकच पालुपद की मालकाने मला दिले नाहीत. फोन, ईमेल, वकिलाचं पत्र, काही उपयोग नाही. डोकं उठलं होतं नुसतं.

मी वाचलो ते प्रिलिमिनरी नोटिशीमुळे (मी या कामावर आहे, पैसे थकले तर लीन लावू शकतो, असं आधीच कळवणारी नोटीस). काम सुरू झाल्यापासून २० दिवसांत मालक, जनरल कॉन्ट्रॅक्टर आणि लोन देणारी बँक तिघांना सर्टिफाइड मेलने पाठवलेली, पावत्या जपलेल्या (उशिरा पाठवली तर फक्त मागच्या २० दिवसांचं आणि पुढचं काम धरतात).

मग आधी काउंटी रेकॉर्डरकडे मालकाने नोटीस ऑफ कम्प्लीशन (बांधकाम पुरं झाल्याची नोटीस) नोंदवलीय का ते बघितलं, कारण नोंदवली असेल तर सबला (माझ्यासारख्या पोटठेकेदाराला) लीन लावायला त्या नोंदणीपासून ३० दिवसच मिळतात, नसेल तर सगळं बांधकाम पुरं झाल्यापासून ९०. नव्हती. मग लीनचा फॉर्म भरला, रक्कम फक्त झालेल्या कामाची, सही केली, मालकाला कॉपी सर्टिफाइड मेलने पाठवली, ती पाठवल्याचं प्रूफ ऑफ सर्व्हिस (पाठवल्याचा सही केलेला पुरावा) जोडलं आणि मगच रेकॉर्ड केलं. हा क्रम उलटा करू नका, लीन बाद होतं.

तिथून ९० दिवसांत कोर्टात केस टाकावी लागते, मी तारीख फ्रिजवर चिकटवली होती, पण मालकाला घराचं रिफायनान्स (जुनं कर्ज फेडून नवं) करायचं होतं, त्यात लीन आड येत होतं, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यातच चेक आला. त्याआधी अनकंडिशनल वेव्हरवर (पैसे हातात येण्याआधीच लीनचा हक्क सोडल्याचा कागद) सही मागत होते, मी कंडिशनलच दिला (पैसे मिळाले तरच हक्क सुटतो असा). चेक वटल्यावर लीन रिलीज रेकॉर्ड केलं.