गीझरचा लाल खटका उडाला, म्हणजे नक्की काय झालं?

वीजतंत्रीचा ट्रेड पूर्ण करून मी एका मिस्त्रींच्या हाताखाली गीझरच्या कामाला लागलो, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. परळच्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर १५ लिटरचा गीझर बंद पडला होता. मिस्त्री दुसरीकडे अडकले होते, म्हणून एकटाच गेलो. खालचं झाकण उघडलं, कट-आउटचं, म्हणजे पाणी फारच तापलं तर वीज तोडणाऱ्या भागाचं, लाल बटण उडालेलं होतं. दाबलं, टिक असा आवाज झाला, दिवा लागला. आजी म्हणाल्या, "हुशार आहेस रे बाळा," आणि मी खूश होऊन जिना उतरलो.

तीन दिवसांनी त्याच घरून फोन आला. या वेळी मिस्त्री सोबत आले. त्यांनी बटणाला हातच लावला नाही. आधी एमसीबी (वीज बंद करणारा बोर्डावरचा खटका) पाडला, पाण्याचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट बाहेर काढला, आजींकडून पातेलंभर उकळतं पाणी मागितलं आणि थर्मोस्टॅटची दांडी त्यात बुडवली. टर्मिनलना मल्टिमीटर लावलेला होता. आतून वीज जायला वाट असेल तोवर तो वाजतो, आणि तो वाजायचा थांबेचना. आतले पॉइंट एकमेकांना चिकटले होते. पाणी कितीही तापलं तरी तो थर्मोस्टॅट वीज तोडणार नव्हता. आजींना वीसेक मिनिटांनी भिंतीवरचं बटण बंद करायची सवय होती, म्हणून ते तीन दिवस निभावले. चौथ्या दिवशी त्या विसरल्या आणि कट-आउटने घर राखलं. मी मात्र पहिल्या दिवशीच त्याचं म्हणणं न ऐकता त्याला गप्प केलं होतं.

या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांना मी हीच गोष्ट आधी सांगतो. गीझरमध्ये तापमानाकडे बघणारे दोघं असतात आणि त्यांची कामं वेगळी असतात. थर्मोस्टॅट रोजचा. पाणी ठरवलेल्या तापमानाला पोचलं की तो एलिमेंटची, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलची, वीज तोडतो आणि पाणी काही अंश उतरलं की पुन्हा जोडतो. दांडीवाल्या प्रकारात बाहेर पितळी नळी आणि आत इन्व्हार या मिश्रधातूची काडी असते. तापल्यावर पितळ बरंच वाढतं, इन्व्हार जवळजवळ वाढत नाही, आणि त्या फरकाने आतला खटका ओढला जातो. कॅपिलरीवाल्या प्रकारात बारीक तांब्याच्या नळीच्या टोकाला द्रव भरलेला बल्ब असतो. तो द्रव फुगला की दुसऱ्या टोकाची डबी दाबली जाते आणि पॉइंट सुटतात. कट-आउट मात्र अडीअडचणीचा. थर्मोस्टॅट चुकला आणि पाणी फारच तापलं तरच तो उडतो, आणि माणसाने दाबेपर्यंत परत बसत नाही. तो मुद्दामच तसा बनवलाय, म्हणजे कोणीतरी येऊन कारण शोधेल.

थंड देशांत घरं उबदार ठेवायला बॉयलरचं गरम पाणी रेडिएटरमधून फिरवतात. तिथेही मांडणी अशीच असते. एक थर्मोस्टॅट बॉयलरमधल्या पाण्याकडे बघतो, दुसरा भिंतीवर बसून खोलीच्या हवेकडे, आणि त्यांच्यावर वेगळा कट-आउट. आणि तिथल्या लोकांचाही आपल्यासारखाच एक गैरसमज असतो, की नॉब जास्त फिरवला म्हणजे लवकर तापेल. तसं होत नाही. थर्मोस्टॅट फक्त कुठे थांबायचं ते ठरवतो, वेग ठरतो एलिमेंटच्या वॉटवर. २००० वॉटचा एलिमेंट १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला १८ ते २० मिनिटं घेतो. नॉब ६० वर ठेवा नाहीतर ७५ वर, ६० अंशांपर्यंत पोचायला वेळ तेवढाच. ग्राहकाला हे समजावताना मी गावच्या तांब्याच्या बंबाची आठवण देतो. बंबाला थर्मोस्टॅट नव्हता, पाणी कढत निघायचं आणि आपण बादलीत विसण घालायचो. गीझर ७५ वर ठेवून मिक्सर नळाने गार पाणी मिसळणं म्हणजे तेच, फक्त विजेचं बिल वाढवून. शिवाय ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत भाजतं, लहान मुलांची त्याहून लवकर. ज्या घरात लहान मूल आहे तिथे हे बोलल्याशिवाय मी निघत नाही.

आता तपासणी. "पाणी तापत नाही" ही तक्रार आली की नवी मुलं थेट एलिमेंट बदलायला धावतात. थांबा. मुंबईत माझ्या अनुभवात सर्वांत आधी बघायची जागा गीझरच्या बाहेर असते, ती म्हणजे १६ अँपिअरचा सॉकेट. २००० वॉटला साधारण ८.७ अँपिअर करंट जातो, ३००० वॉटच्या इन्स्टंट गीझरला १३. खाऱ्या हवेने पितळ काळं पडलेलं असतं, पिन ढिली असते, तिथे उष्णता होते आणि प्लगटॉप वितळतो. प्लग काढून वास घेतला तरी कळतं. सॉकेट ठीक असेल तर एमसीबी पाडून झाकण उघडा आणि कट-आउट, थर्मोस्टॅट, एलिमेंट या क्रमाने मीटर लावा. २००० वॉटच्या एलिमेंटचा रोध २६ ओहमच्या आसपास यायला हवा, ३००० वॉटच्या १७ ते १८. काहीच दाखवत नसेल तर तो तुटला. रोध बरोबर आला आणि तरीही आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा खटका) पडत असेल, तर एलिमेंटच्या आवरणातून विजेची गळती आहे. साध्या मल्टिमीटरवर ती बऱ्याचदा दिसत नाही, त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त दाबाने गळती तपासणारा मीटर, लागतो. पहिल्या पगारातून मी तोच घेतला, लोहार चाळीच्या विजेच्या बाजारातून.

पाणी कोमट येतं, ही तक्रार फसवी असते. थर्मोस्टॅट गुन्हेगार नसतोच असं बऱ्याचदा आढळतं. बाथरूममधल्या सिंगल लिव्हर मिक्सरमधून (एकाच दांड्याने गरम-गार मिसळणाऱ्या नळातून) गार पाणी गरम लाइनमध्ये शिरत असतं. गीझरच्या गरम बाजूच्या पाइपला हात लावून बघा: तो चटका देतोय आणि नळाला कोमट येतंय, तर गीझर सोडा, मिक्सर बघा. हे कळायला मला दोन थर्मोस्टॅट फुकट बदलावे लागले, आणि त्यांचे पैसे ग्राहकाकडून घेतले नाहीत.

क्षाराचा प्रश्न वेगळा. महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ आहे, भातसा-वैतरणाचं पाणी येणाऱ्या घरांत एलिमेंट वर्षानुवर्षं स्वच्छ राहतात. बोअरवेल किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत मात्र पांढरा थर चढतो. एलिमेंटवर चढला की उष्णता पाण्यात जाईनाशी होते आणि एलिमेंट स्वतःच जळतो. थर्मोस्टॅटच्या दांडीच्या नळीवर चढला की त्याला तापमान उशिरा कळतं. पाणी तापताना खडखड आवाज येतो, तो याच थराचा. अशा घरी नॉब ५० ते ५५ वर ठेवायला सांगा, कारण पाणी जितकं जास्त तापेल तितका क्षार जास्त बसतो. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉडही त्याच वेळी काढून बघा. टाकीऐवजी तो गंजतो म्हणून टाकी टिकते, आणि तो संपला हे बाहेरून कळत नाही.

पाणीकपातीच्या दिवसांत आणखी एक प्रकार दिसतो. वरची टाकी रिकामी होते आणि गार लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) नसेल तर गीझरमधलं पाणी उलटं खाली उतरतं. मग कोरडा एलिमेंट चालू होतो आणि काही मिनिटांत जातो. म्हणून नवीन गीझर बसवल्यावर किंवा सर्व्हिसिंग झाल्यावर गरम नळातून सलग धार आल्याशिवाय मेन चालू करू नका.

तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर जास्तीचा दाब बाहेर सोडणाऱ्या प्रेशर व्हॉल्व्हचं महत्त्व आणखी वाढतं. २५ ते ६० अंश तापताना १५ लिटर पाणी सुमारे २०० मिलिलिटर फुगतं. मागे जायला वाट नसेल तर ते थेंब थेंब प्रेशर व्हॉल्व्हमधून बाहेर येतं. "गळतंय, बंद करा" म्हणणारे ग्राहक भेटतात आणि तिथे प्लग (बूच) मारून देणारेही कारागीर आहेत. असं कधीही करू नका. उंच इमारतीत दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो, म्हणजे गच्चीवरच्या टाकीखाली ६० मीटरवर राहणाऱ्याच्या गीझरवर गार असतानाच ६ बार असतात. ८ बार दाब सोसणाऱ्या गीझरच्या टाकीत फुगणाऱ्या पाण्यासाठी जागा थोडीच उरते. कट-आउट वगळून वीज डायरेक्ट जोडून दिलेला आणि शिवाय प्रेशर व्हॉल्व्हला प्लग मारलेला एक गीझर मी अंधेरीत उघडला होता. नळातून वाफेचे फटकारे येत होते. त्या ताईंना मी बाथरूमच्या बाहेर उभं केलं, मेन पाडला आणि तासभर त्याला हात लावला नाही.

गॅस गीझरला हात लावायचा तर त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्या. तिथे प्रश्न कार्बन मोनॉक्साइडचा आहे, ज्याला वास नसतो, आणि बंद बाथरूममध्ये माणूस बसल्या जागी जातो.

सुरुवात करणाऱ्याने तारतंत्री परवान्याच्या मागे लवकर लागावं, शिकाऊ उमेदवारी पूर्ण करावी आणि वही ठेवावी. माझ्या वहीत प्रत्येक घराचं पाणी कुठलं, नॉब किती वर होता, रोध किती आला, असं लिहिलेलं आहे. दुसऱ्या वर्षापासून त्या वहीने फोनवरच अर्धं निदान व्हायला लागलं.

आणि काम झाल्यावर लगेच निघू नका. मी आता दिवा लागला की टोपली आवरतो, बिल लिहितो, चहा दिला तर घेतो. वीसेक मिनिटांत थर्मोस्टॅट टिक करून सुटतो आणि दिवा विझतो. मग थर्मोमीटर नळाखाली धरून आकडा वहीत लिहितो, आणि चपला घालतो.